कुत्रा आवारात टिकतच नाही, साखळीला न बांधता काय करता येईल?

म्हार्दोळची_वहिनी

नमस्कार मंडळी, जरा डोकं खाते तुमचं. आमच्याकडे जिमी म्हणून गावठी कुत्रा आहे, नर, तीनेक वर्षांचा. पिल्लू होता तेव्हा धाकट्याने ट्यूशनवरून येताना गटारातून उचलून आणला आणि तो आमचाच झाला. घरात अगदी गरीब, पोरांनी कान ओढले तरी हूं की चूं नाही. पण आवारात म्हणून पाय ठरत नाही त्याचा. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की हा आधी गेटशी, पाव घ्यायला गेट उघडलं की पायांतून सटकलाच, मग थेट दुपारी जेवायच्या वेळेला हजर. आणि हल्ली तर रात्रीसुद्धा जातो, कुठून जातो ते कळतच नाही, सकाळी दारात चिखलाने माखून बसलेला असतो.

घर पणजी-फोंडा हायवेपासून आत आहे पण फार आत नाही, परवा एका बसच्या खाली येता येता वाचला. त्याआधी शेजारच्या मावशींच्या कोंबड्या मारल्या, पैसे दिले आम्ही, तरी त्यांनी बोलणं टाकलंय ते टाकलंयच.

पुढच्या बाजूला चिऱ्यांचं कंपाउंड आहे, माझ्या छातीएवढं. मागे मात्र उघडं, आधी पोरसू म्हणजे परसबाग, मग उतार, मग दिरांचं कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग आणि खाली व्हाळ, म्हणजे ओढा. तिकडे भिंत घालायची म्हटलं तर कुत्र्याच्या आधी घरातच भांडण लागेल, वाटण्या झालेल्या नाहीत अजून. सासरे म्हणतात बांधून घाल, बांधला तर रात्रभर रडतो आणि अख्ख्या वाड्याची झोप जाते. मिस्टर म्हणतात शेतात डुकरांसाठी लावतात तशी झटक्याची तार लावू, ते मला बरोबर वाटत नाही. कोणी असा भटक्या स्वभावाचा कुत्रा घरात टिकवलाय का? नेमकं काय केलं ते सांगा प्लीज.

चिरे_सिमेंट_आणि_मी

वहिनी, भिंत उंच करायचा विचार असेल तर आधी डोक्यातून काढा. मी डिचोलीत बांधकामाची कामं घेतो, कुत्र्यासाठी कंपाउंड वाढवून द्या म्हणणारे भेटतात आणि जाऊन बघितलं तर कुत्रा भिंतीवरून जातच नसतो. सुट्टीच्या दिवशी त्याला पुढच्या बाजूला सोडा, गेट बंद ठेवा आणि तुम्ही खिडकीत बसा, हाक मारू नका, नुसतं बघा. कुत्र्याची वाट ठरलेली असते, रोज तीच. ती सापडली की अर्धं काम झालं.

माझा अंदाज सांगू? पावसाचं पाणी जायला कंपाउंडच्या तळाशी भोकं ठेवतात ना, एखादा चिराच काढून ठेवलेला असतो, त्यातूनच जात असणार. गावठी कुत्रा अंगाने सडपातळ, डोकं गेलं की बाकीचं अंग मागून जातंच. आता ते भोक सिमेंट टाकून बुजवू नका हां, जूनमध्ये आवाराचं तळं होईल आणि पाण्याचा दाब येऊन भिंतच ढासळेल. तिथे सळ्यांचा ग्रिल बसवा, सळ्या उभ्या, मध्ये चार बोटांचं अंतर. आडव्या सळ्या लावल्या की पातेरा, म्हणजे सुका पाला, अडकून बसतो, उभ्यांतून खराट्याने ओढून काढता येतो. आणि ग्रिल नुसता टेकवून ठेवू नका, बाजूच्या चिऱ्यात होल मारून पक्का बसवून घ्या, नाहीतर दोन दिवसांत नाकाने ढकलून बाजूला करेल.

दुसरं म्हणजे गेटच्या खालची फट. रस्त्यावर डांबराचे थर चढतात, आपल्याकडची माती पावसात वाहून जाते, आणि चार वर्षांपूर्वी नीट बसलेल्या गेटखाली हात जाईल एवढी जागा झालेली असते, मग हा पंजाने उकरून ती मोठी करतो. गेटखाली सिमेंटचा पट्टा घालून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

तिसरं, भिंतीला टेकून काय काय ठेवलंय ते बघा. उरलेले चिरे, पावसाळ्याची लाकडं, जुनी टाकी. ती त्याची पायरी. सगळं भिंतीपासून लांब हलवा.

हे सगळं करूनही वरूनच उडी मारत असेल तर भिंतीच्या माथ्यावर पीव्हीसी पाइप फिरता बसवायचा, म्हणजे दोन टोकांना ब्रॅकेट, मध्ये ताणलेली तार आणि तारेत ओवलेला तीन इंची पाइप. कुत्रा भिंत ओलांडताना आधी पुढचे पंजे वर टेकवतो आणि मग अंग ओढून घेतो, पंजे टेकले की पाइप गर्रकन फिरतो, पकड मिळत नाही आणि तो खाली येतो. काचा मात्र लावू नका, आमच्याकडे अजून लोक लावतात, पंजे फाटतात बिचाऱ्यांचे आणि उडी काही थांबत नाही.

निवृत्त_फोंडेकर

एवढं कशाला? आमच्या लहानपणी कुत्रा दिवसा साखळीला आणि रात्री राखणीला मोकळा, कोणाला काही झालं नाही. आताच्या लोकांनी कुत्र्याला पोरासारखं करून ठेवलंय, ग्रिल काय न् पाइप काय.

कुळागरवाली

काका, रागावू नका, पण तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि आता किती आहेत ते पण बघा ना. आणि रात्री मोकळा सोडायचा म्हणजेच तर मावशींच्या कोंबड्या. शिवाय कायदासुद्धा आहे. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे ना, त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीला जनावर फार वेळ बांधून ठेवणं हे क्रौर्यात मोजलंय, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकाने नीट फिरवलं नाही तर ते पण. उलट बाजूने, आपलं जनावर दुसऱ्याला धोका करेल एवढं मोकाट सोडलं तरी सुटका नाही, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बांधून मारायचं नाही आणि सोडून विसरायचं नाही.

थोडा वेळ बांधायलाच लागला, पाहुणे आले, गॅसवाला आला, तर हरकत नाही. पण भिंतीच्या किंवा पायऱ्यांच्या जवळ कधीच बांधू नका, उडी मारून पलीकडे गेला की गळ्याला लोंबकळतो, असे मेलेले आहेत कुत्रे. साखळीला मध्ये फिरकी असलेला हुक लावा म्हणजे पीळ पडत नाही, आणि गळ्याला पट्टा असला तरी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, अडकवा. दोन माडांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकती दोरी लावतात तो प्रकार दिवसा तुम्ही समोर असताना ठीक आहे, तारेला दोन्ही बाजूंना अडसर ठेवा म्हणजे तो माडाभोवती गुंडाळून घेणार नाही. रात्री तसं बांधून झोपी जाऊ नका.

झटक्याच्या तारेबद्दल वहिनी तुम्हाला जे वाटतंय ते बरोबरच आहे. आणि घरातला करंट थेट तारेत सोडणं हा तर गुन्हाच, त्याने माणसं मेलीत. गळ्यातले शॉकचे पट्टे मिळतात ऑनलाइन, त्यांचा पण गोंधळच आहे. समोर मांजर दिसलं की कुत्रा तो झटका सहन करून बाहेर जातो, पण परत येताना समोर काही नसतं, मग झटक्याला घाबरून बाहेरच बसतो.

जनावरांचा_डॉक्टर_निवृत्त

सगळे भिंतीबद्दल बोलताहेत, मला एकच विचारायचंय. नसबंदी झालीय का? तीन वर्षांचा नर, रात्री जातो, सकाळी चिखलात येतो. भाद्रपदातले कुत्रे असं आपण उगाच म्हणत नाही, आपल्याकडच्या बऱ्याच गावठी माद्या पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि त्या वासावर नर लांब लांबून येतात. तेव्हा तुमचा ग्रिल, पाइप, सिमेंट सगळं एका बाजूला आणि तो एका बाजूला.

नसबंदीने भटकणं पुष्कळ कमी होतं, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लगेच दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही, अंगातले हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात आणि महिना-दीड महिना नर पिल्लंसुद्धा देऊ शकतो, म्हणजे तेवढे दिवस राखण करावीच लागणार. दोन, जो कुत्रा मादीसाठी नाही तर खाण्यासाठी किंवा नुसता कंटाळून जातो त्याला ऑपरेशनने काही होत नाही. कोंबड्यांची सवय पण त्याने जाणार नाही, ती शिकार आहे. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस जखम कोरडी ठेवायची, चाटू द्यायची नाही, त्यामुळे धो धो पावसात शक्यतो नको, किंवा मग तेवढे दिवस पूर्ण घरात ठेवायची तयारी ठेवा. खाजगी दवाखाना झेपत नसेल तर आसगावला आणि कुडचड्याला प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पण चौकशी करा.

आणि अँटीरेबीजची लस दर वर्षी. २०२१ मध्ये गोवा रेबीज कंट्रोल्ड जाहीर झाला तो गावोगाव जाळ्या घेऊन फिरून कुत्र्यांना लस टोचली म्हणून, पण जनावरांत केसेस अधूनमधून सापडतातच, आणि रात्री भटकणारा कुत्रा कोणाशी भांडून येतो ते तुम्हाला कळत नाही. अंगावर दाताची खूण दिसली तर हात न लावता आधी लसीचं कार्ड बघा आणि डॉक्टरला दाखवा. माणसाला चावा किंवा ओरखडा गेला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट आरोग्य केंद्रात, हळद-चुना काही लावायचं नाही.

म्हार्दोळची_वहिनी

देव बरें करूं सगळ्यांचं! चिरेवाल्या दादांनी सांगितलं तसं आज खिडकीत बसले. भोकातूनच जातो हो! पण पुढचं नाही, बाथरूमच्या मागचं, तिथे न्हाणीचं पाणी जायला ठेवलंय ना, त्याच्यातून. आणि गंमत म्हणजे परत येताना भिंतीवरून येतो, तिथे बाहेरच्या बाजूला वाळूचा ढीग आहे.

नसबंदी झालेली नाही. लस आहे. डॉक्टरकाका, तुमचं सगळं पटलं, मिस्टरांना वाचून दाखवलं, ते गप्प बसले म्हणजे तयार आहेत असं मी धरते.

पण मागच्या बाजूचं काय करू? पुढचं सगळं बंद केलं तर हा मागून कुळागरातून जाणार. तिकडे मला खांब पुरायचीसुद्धा सोय नाही, दीर लगेच म्हणतील हद्द दाखवायला आलात.

चिरे_सिमेंट_आणि_मी

हसू नका पण हे मी गोव्यात सगळीकडे ऐकतो, कुंपण कुत्र्याचं आणि केस जमिनीची 😄 म्हणून सगळं आवार बंद करायच्या भानगडीत पडूच नका. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून एक तुकडा घ्या, पोरसातला, जो नक्की तुमचाच आहे. अगदी वीस फूट बाय पंधरा फूट मिळाला तरी कुत्रा खूश. घराची भिंत एका बाजूला आयतीच मिळते, तीन बाजूंना जीआय पाइपचे खांब आणि चेनलिंकची जाळी, सहा फूट उंच. वरचा फूटभर भाग आतल्या बाजूला वाकवायचा. खाली जाळी जमिनीत सरळ पुरण्यापेक्षा आतल्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरायची आणि वर चिरे मांडून ठेवायचे. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, दोन फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. पुरलेली जाळी आपल्या मातीत आणि पावसात गंजून जाते, वर असलेली निदान दिसते तरी.

जाळी पायापासून कमरेपर्यंत हिरव्या शेडनेटने झाकून टाका. बाहेरचं मांजर, कोंबडी दिसलीच नाही तर निम्मी खुमखुमी तिथेच जाते. कोपऱ्यात माडाची किंवा फणसाची सावली येईल असं बघा, पत्र्याखाली ठेवाल तर एप्रिल-मेमध्ये भाजून निघेल. आणि सगळं नटबोल्टवर करा, वेल्डिंग नको, उद्या वाटण्या झाल्या की उचलून हलवता येईल आणि दिरांना पण सांगता येईल की हे पक्कं बांधकाम नाही. कंपाउंडची भिंत कुठे वाढवायची असेल तर मात्र पंचायतीला विचारल्याशिवाय हात लावू नका, तक्रार गेली की काम बंद.

वाळपईचा_पोरगा

आमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न बिबट्याचा. सत्तरीत, काणकोणात, सांग्यात जंगलाला लागून घरं आहेत तिथे कुत्रं रात्री अंगणात ठेवणं म्हणजे त्याला आमंत्रण, कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं. म्हार्दोळला तेवढं नसेल तरी कुळागर, व्हाळ, डोंगर आहे म्हणजे रात्री बंद जागाच हवी. चेनलिंकचा पिंजरा वरून उघडा असेल तर रात्रीसाठी चालणार नाही हे लक्षात ठेवा.

आम्ही काय केलं, पडवीला ग्रिल होताच, त्यालाच खाली जाळी मारली आणि कुत्र्याचं रात्रीचं जेवण तिथेच सुरू केलं. दिवसाचं थोडंसं आणि मुख्य जेवण दिवेलागणीला, भात आणि माशाची डोकी शिजवून काटे काढून. घंटीसारखी ताटली वाजवायची, आला की आत, ग्रिल बंद. सुरुवातीला येत नव्हता कारण बाहेर शेजारी हाडं टाकायचे, पोट भरलेलं असायचं. मग आईने दोन्ही घरांत जाऊन सांगितलं की आमच्या कुत्र्याला काही घालू नका. आता ताटलीच्या आवाजावर व्हाळापलीकडून धावत येतो. वहिनी, तुमचा पण जेवायच्या वेळेला परत येतो म्हणालात ना, म्हणजे तो पोटाचाच आहे, ते वापरा.

कुळागरवाली

हो हो हे एकदम बरोबर. त्यात भर घालते, गेटचं. गेटवर पहिली सवय ही लावायची की गेट उघडलं म्हणजे बसायचं. गळ्यात लांब दोरी अडकवून धरायची, गेट बोटभर उघडायचं, उठला की बंद, बसला की तोंडात सुक्या बांगड्याचा बारीक तुकडा. बोटभर, मग वीतभर, मग अर्धं. कंटाळवाणं आहे पण पोरं पण करू शकतात, माझी भाची करते. तोपर्यंत पदेराला सांगा पावाची पिशवी गेटला अडकवून जा, तुम्ही पिशवी खिळ्याला टांगून ठेवा, पैसे महिन्याचे. गेटच उघडायला लागणार नाही.

आणि सकाळ-संध्याकाळ दोरीला धरून फिरवा हो. बाहेर काय आहे ते बघायला मिळालं नाही म्हणून तर तो स्वतःच जातो. पळवायची गरज नाही, त्याला वास घेत घेत जाऊ द्या, प्रत्येक खांबाशी दोन मिनिटं थांबला तरी ओढू नका. वास घेण्याने कुत्रा जेवढा दमतो तेवढा धावून दमत नाही.

गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला घाला. चिप बसवलीत तरी ती स्कॅनरने वाचावी लागते, रस्त्यात सापडलेल्या कुत्र्याचा मालक शोधायला लोक पट्टाच बघतात. जीपीएसचे ट्रॅकर मिळतात पण कुळागरात रेंज कुठली, आमच्याकडे फोनच लागत नाही.

निवृत्त_फोंडेकर

बरं, पिशवी गेटला अडकवायची आयडिया चांगली आहे, आमच्याकडे करतो उद्यापासून. आणि नरकासुराच्या रात्रीचं कोणी बोललंच नाही. चतुर्थीला फटाके असतातच, पण दिवाळीच्या आदल्या रात्री डीजे आणि पहाटे नरकासुराचा पुतळा जाळताना जे फटाके लावतात त्याने आमचा कुत्रा घाबरून गायब झाला होता, तीन गावं पलीकडे सापडला. तेव्हा त्या रात्री ह्या जाळीत-बिळीत ठेवू नका, घरात, आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा.

जनावरांचा_डॉक्टर_निवृत्त

फोंडेकर, हे मी लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. फार घाबरणारा असेल तर पंधरा दिवस आधी डॉक्टरला भेटा, गोळ्या असतात, पण माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणं वगैरे उद्योग नकोत.

वहिनी, आणि गोचीड. कुळागरातून फिरून येतो म्हणजे अंगावर असणारच, कानात आणि पायाच्या बोटांमध्ये बघा. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, जेवण सोडलं, ताप आला तर गोचीड तापाची रक्ततपासणी लगेच. भटकणं बंद झाल्यावर कुत्रा दोन दिवस सुस्त बसला तर सगळे म्हणतात रुसलाय, बऱ्याचदा तो आजारी असतो.

म्हार्दोळची_वहिनी

गोचीड आहेत, आत्ताच बघितलं, ईईई. सोमवारी डॉक्टरकडे नेते, ऑपरेशनची तारीख पण तेव्हाच विचारते. मावशींना कालच सांगून आले की जाळी घालतोय, त्या काही बोलल्या नाहीत पण आज परड्यातून दोन तोरिंगं (पपनस) पाठवून दिली, काय समजायचं ते समजा.

दादा, एकच शेवटचं, न्हाणीच्या भोकाला पण तोच उभ्या सळ्यांचा ग्रिल चालेल ना? आणि काम पावसानंतर करू की आधी?

चिरे_सिमेंट_आणि_मी

चालेल, फक्त साबणाच्या पाण्याने लोखंड लवकर गंजतं, तिथे स्टीलच्या सळ्या घ्या, थोड्याच लागतील. बाहेरचा वाळूचा ढीग आधी उचला, त्याला मेस्त (गवंडी) नको, फावडं पुरे. आणि जे काय करायचं ते चतुर्थीच्या आधी करून घ्या, एकदा चतुर्थी आली की वेल्डर नाही, मेस्त नाही, हेल्पर नाही, फोन केला तर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला गेलोय म्हणून सांगतील. जाळीचं माप घेऊन ठेवा, हवं तर इथे फोटो टाका, किती रोल लागेल ते सांगतो.